विद्यापीठातल्या आयटी सेवेचा खरा खर्च कसा काढायचा: खान्देशातल्या नव्या कर्मचाऱ्यांसाठी

संगणक केंद्रात किंवा वित्त व लेखा विभागात नव्याने रुजू झालात की थोड्याच दिवसांत प्रश्न येतो, "ऑनलाईन निकालावर वर्षाला आपला किती खर्च होतो?" लेजरमधलं संगणकाचं लेखाशीर्ष उघडून तिथली रक्कम सांगितली की काम झालं असं वाटतं. ते उत्तर जवळजवळ नेहमीच कमी असतं. सर्व्हर त्या शीर्षात दिसतो. त्याची वीज विद्युत विभागाच्या बिलात असते, सांभाळणाऱ्याचा पगार आस्थापनेत, कंत्राटी ऑपरेटर परीक्षा विभागात आणि जनरेटरचं डिझेल आणखी कुठेतरी. हे सगळं एका सेवेच्या नावावर एकत्र आणायचं, एवढंच हे काम आहे. त्याला चिकाटी लागते, हिशेब मात्र बेरीज-भागाकारापुरताच आहे.

हा लेख जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतली महाविद्यालयं संलग्न असलेलं कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ आणि तिथल्या महाविद्यालयांसारख्या संस्था डोळ्यांपुढे ठेवून लिहिला आहे. स्वायत्त महाविद्यालयालाही हीच पद्धत चालते, तक्ता लहान होतो इतकंच. जिथे 'समजा' लिहिलं आहे ते आकडे फक्त हिशेब दाखवण्यासाठी आहेत. तिथे तुमच्या बिलातले आकडे घाला.

आधी हे गोळा करा

- मागच्या ३ आर्थिक वर्षांचे लेजर उतारे. एकाच वर्षाचे घेऊ नका, कारण बॅटऱ्या, एएमसी (वार्षिक देखभाल करार) आणि मोठी खरेदी दरवर्षी येत नाही.
- डेडस्टॉक रजिस्टर (टिकाऊ वस्तूंची नोंदवही) आणि निर्लेखनाचे, म्हणजे जुन्या वस्तू नोंदीतून कमी करण्याचे, ठराव
- वर्क ऑर्डर, एएमसीचे करार, सॉफ्टवेअर परवान्यांच्या मुदती
- महावितरणची सलग १२ महिन्यांची बिलं, जनरेटरचं लॉगबुक
- इंटरनेट आणि एसएमएसची बिलं
- पगारपत्रकं, मनुष्यबळ एजन्सीची बिलं
- हेल्पडेस्कची तक्रार नोंदवही. नसेल तर आजपासून ठेवायला लागा.
- पात्रता विभागाकडून महाविद्यालयनिहाय विद्यार्थिसंख्या
- एक क्लॅम्प मीटर (तारेभोवती धरून वीजप्रवाह मोजणारं यंत्र) किंवा सर्व्हर खोलीसाठी वेगळा सब-मीटर, आणि स्प्रेडशीट

कागद मागताना तोंडी मागू नका. कुलसचिवांच्या सहीचं एक पत्र सर्व विभागांना आधी जाऊ द्या, नाहीतर वीजबिलासाठीच महिना जातो.

१. सेवांची यादी करा, यंत्रांची नको

सर्व्हर ही सेवा नाही, स्विच नाही, यूपीएसही नाही. विद्यार्थी, प्राध्यापक किंवा महाविद्यालय ज्याचा थेट वापर करतं ती सेवा: परीक्षा अर्ज, निकाल, प्रश्नपत्रिका ऑनलाईन पाठवणं, उत्तरपत्रिकांचं ऑनस्क्रीन मूल्यांकन, पात्रता व प्रवेश नोंदणी, ईमेल, वाय-फाय, संकेतस्थळ, वेतन व लेखा प्रणाली, ग्रंथालय प्रणाली, प्रयोगशाळा, हेल्पडेस्क. यादी १० ते १५ च्या आत ठेवा. ४० सेवा लिहिल्या की प्रत्येकीचा हिशेब अंदाजाने होतो आणि पहिल्याच बैठकीत तक्ता कोसळतो.

प्रत्येक सेवेपुढे तिचा मालक विभाग लिहा. निकालाचा मालक परीक्षा व मूल्यमापन मंडळ आहे, संगणक केंद्र फक्त ती चालवतं. हे सुरुवातीलाच लिहून घेतलं नाही, तर पुढे खर्चाचा आकडा आपला म्हणायला कुणीच तयार होत नाही.

२. यंत्रांची किंमत वर्षांवर पसरवा

१८ लाखांचा सर्व्हर घेतला त्या वर्षी १८ लाख आणि पुढे शून्य, असं धरलं तर दोन्ही आकडे फसवतात. किंमत भागिले प्रत्यक्ष आयुष्य, हा वार्षिक खर्च. आयुष्यासाठी एक मापदंड हाताशी आहे: कंपनी कायदा २०१३ च्या अनुसूची २ मध्ये सर्व्हर आणि नेटवर्कला ६ वर्षं, तर डेस्कटॉप-लॅपटॉपला ३ वर्षं दिली आहेत. विद्यापीठाला तो कायदा लागू नाही, पण लेखापरीक्षकाला पटेल असा आधार म्हणून उपयोगी पडतो. तुमचे डेस्कटॉप ६ वर्षं चालत असतील तर ६ धरा. फक्त डेडस्टॉक रजिस्टरमधल्या खरेदी आणि निर्लेखनाच्या तारखा दाखवता आल्या पाहिजेत.

आयुष्य यंत्र बिघडूनच संपतं असं नाही. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) नसलेली किंवा फार जुन्या प्रोसेसरची यंत्रं विंडोज ११ च्या अधिकृत अटींत बसत नाहीत. चालू स्थितीतल्या अशा प्रयोगशाळांचं आयुष्य एका तारखेला आखडलं. तक्त्यात यंत्राच्या वयाशेजारी 'सॉफ्टवेअर आधार कधीपर्यंत' असा रकाना ठेवा.

इथे चार सापळे आहेत.

पहिला, जीएसटी. शिक्षण आणि परीक्षांसारखी विद्यापीठाची मुख्य कामं करमुक्त असल्याने खरेदीवर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही. म्हणजे संगणकावरचे आणि सेवांवरचे १८ टक्के हा पूर्ण खर्चच आहे. दरपत्रकात "कर वेगळा" लिहिलेलं असतं, तो आकडा तक्त्यात घालू नका.

दुसरा, वॉरंटी. पहिली ३ वर्षं देखभाल शून्य दिसते, चौथ्या वर्षी एएमसी सुरू होते. पूर्ण आयुष्यातली एएमसी बेरजेत धरून मग वर्षांनी भागा. 'सर्वसमावेशक' एएमसीतही बॅटरी, अडॅप्टर, प्रिंटरचा ड्रम अशा वस्तू बहुधा वगळलेल्या असतात. करारातलं वगळलेल्या वस्तूंचं परिशिष्ट वाचूनच पुढे जा.

तिसरा, अनुदान. योजनेच्या पैशातून आलेलं यंत्र फुकट धरू नका. ते मोडल्यावर दुसरं अनुदान येईलच असं नाही. आजच्या बदली किमतीने धरा आणि शेजारी 'निधी कुणाचा' हा रकाना ठेवा.

चौथा, शेवट. ई-कचरा नियम २०२२ (१ एप्रिल २०२३ पासून लागू) पाळायचे तर जुनी यंत्रं नोंदणीकृत उत्पादक, नूतनीकरण करणारा किंवा पुनर्चक्रण करणारा यांच्याकडेच जायला हवीत. त्याआधी डिस्क पुसण्यात माणसांचे तास जातात, ते धरा.

३. वीज, थंडावा आणि बॅटरी

खान्देशात हा भाग सगळ्यात जास्त कमी लेखला जातो. मुंबई-पुण्याच्या नमुन्यावर केलेला हिशेब जळगाव-भुसावळच्या मे महिन्यात टिकत नाही.

क्लॅम्प मीटर लावून यूपीएसच्या आऊटपुटवर किती भार आहे ते मोजा. पॉवर सप्लायच्या पाटीवरचे वॅट घेऊ नका, ती कमाल मर्यादा असते. समजा भार सतत ३ किलोवॅट आहे. वर्षाचे तास ८,७६०. म्हणजे २६,२८० युनिट. यूपीएसची कार्यक्षमता ९० टक्के धरली तर महावितरणकडून घेतलेले युनिट २९,२००. आता एसी. सब-मीटर असेल तर प्रत्यक्ष रीडिंग घ्या, नसेल तर या युनिटवर वर्षाची सरासरी ४० टक्के वाढीव धरून सुरुवात करा: ११,६८० युनिट. एकूण ४०,८८०. समजा युनिटला १२ रुपये, तर ४,९०,५६० रुपये. संगणकाच्या लेखाशीर्षात यातला एक रुपयाही दिसत नाही.

युनिटचा दर काढताना बिलावरचा फक्त ऊर्जा आकार घेऊ नका. मागणी आकार, वहन आकार, इंधन समायोजन, वीज शुल्क धरून वर्षाची एकूण रक्कम भागिले वर्षाचे एकूण युनिट, हा तुमचा खरा दर. एका महिन्यावरून काढलात तर सुटीच्या महिन्यात तो फुगतो, कारण वापर घटला तरी मागणी आकार भरावाच लागतो. जनरेटरचा दर वेगळा काढा. १ लिटर डिझेलमागे साधारण ३ ते ३.५ युनिट मिळतात. लॉगबुकातले लिटर आणि तास जुळवून पाहा. युनिट यापेक्षा फार कमी निघत असतील तर मोठा जनरेटर अगदी थोड्या भारावर चालतोय.

एसीबद्दल दोन गोष्टी. १ टन म्हणजे साधारण साडेतीन किलोवॅट उष्णता बाहेर काढण्याची क्षमता, आणि पाटीवरचा आकडा बाहेर ३५ अंश तापमान धरून दिलेला असतो. बाहेर ४५ अंश असताना तोच एसी कमी थंड करतो आणि जास्त वीज खातो. म्हणून हिशेबाने एक एसी पुरेसा वाटला तरी पश्चिमेच्या भिंतीची किंवा स्लॅबखालची खोली असेल तर दुसरा लागतोच, आणि आलटून-पालटून चालवायला एक राखीवही. हे तिन्ही एसी आणि त्यांचं सर्व्हिसिंग आयटीच्या खर्चात धरा, 'इमारत' म्हणून सोडू नका.

बॅटरीचं गणित तर डोळे उघडणारं आहे. सीलबंद लेड-ॲसिड बॅटरीचं छापील आयुष्य साधारण २५ अंशांवरचं असतं. त्यावर दर १० अंशांना आयुष्य साधारण निम्मं होतं, असा या क्षेत्रातला ठोकताळा आहे. अनेक ठिकाणी यूपीएस थंड खोलीत आणि बॅटरीचा रॅक बाहेर पॅसेजमध्ये असतो. मार्च ते जून तो रॅक तापत राहतो. समजा १० केव्हीएच्या यूपीएसला १६ बॅटऱ्या आहेत आणि एकीची किंमत ९,००० रुपये. संच १,४४,००० चा. ४ वर्षं टिकला तर वर्षाला ३६,०००, २ वर्षांत गेला तर ७२,०००. छापील आयुष्यावर विसंबू नका, मागच्या दोन संचांच्या खरेदीच्या तारखांमधलं अंतर घ्या. ते अंतर पाहिल्यावर रॅक आत हलवण्याचा प्रस्ताव वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

मेच्या अखेरीस आणि जूनमध्ये वळवाच्या विजा कडाडतात, तेव्हा स्विचचे पोर्ट आणि बाहेरचे ॲक्सेस पॉइंट जळतात. दोन इमारतींमध्ये तांब्याची केबल टाकलेली असेल तर हे हमखास होतं, फायबर असेल तर टळतं. तीन वर्षांतल्या अशा बदलीच्या बिलांची सरासरी काढून 'नेटवर्क'मध्ये घाला, आणि अर्थिंगच्या खड्ड्यांची वार्षिक तपासणीही.

४. माणसांचे तास

बहुतेक सेवांत सगळ्यात मोठा आकडा हाच निघतो.

आधी तासाचा दर. वर्षाचा पगार, भत्ते आणि निवृत्तिवेतन योजनेतला संस्थेचा हिस्सा मिळून समजा ९ लाख. भागायचं ते ३६५ दिवसांनी नव्हे. ५ दिवसांच्या आठवड्यात १०४ सुट्या जातात, सार्वजनिक सुट्या समजा २४, किरकोळ रजा ८, अर्जित रजा समजा २०. उरले २०९ दिवस. बैठका आणि पत्रव्यवहार वगळून दिवसाला ६ कामाचे तास धरले तर १,२५४ तास. दर साधारण ७१८ रुपये. एजन्सीच्या माणसाचा दर काढताना त्याच्या हातात पडणारी रक्कम न घेता, भविष्य निर्वाह निधी, विमा, सेवाशुल्क आणि कर धरून बिलाची अंतिम रक्कम घ्या.

मग हे तास सेवांवर वाटा. त्यासाठी प्रत्येकाने अर्ध्या तासाच्या टप्प्याने साधी नोंद करायची: कोणती सेवा, किती वेळ. दोन आठवडे परीक्षेच्या काळात आणि दोन आठवडे साध्या महिन्यात. फक्त जुलैमध्ये नोंद केली तर सगळा वेळ प्रवेशात गेलेला दिसेल, फक्त मेमध्ये केली तर निकालात. ही नोंद कामचुकारपणा पकडण्यासाठी नाही, हे पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगा आणि तसंच वागा. नोंदीवरून एकाला जरी जाब विचारला गेला, तर पुढच्या सगळ्या नोंदी खोट्या होतील.

संगणक केंद्राबाहेरचे तास विसरू नका. परीक्षा विभागातला लिपिक चुकलेली बैठक क्रमांकांची यादी रात्री बसून दुरुस्त करतो, तो वेळ निकाल सेवेचाच आहे. प्रवासही धरा. जळगावहून धडगाव किंवा अक्कलकुव्याच्या महाविद्यालयात एक राउटर बदलायला माणूस गेला, तर दिवस जातोच, बऱ्याचदा मुक्कामही पडतो. ४ हजारांच्या राउटरमागे वाहन, भत्ता आणि दीड दिवसाचे तास मिळून त्याच्या कितीतरी पट खर्च होतो. अशा ठिकाणी आधीच बसवलेला एक जास्तीचा राउटर सगळ्यात स्वस्त पडतो.

५. एसएमएस, लिंक आणि परवाने

एसएमएस ही किरकोळ बाब वाटते, पण मराठी संदेशांनी बिल कसं वाढतं ते पाहा. साध्या इंग्रजी एसएमएसमध्ये १६० अक्षरं मावतात. देवनागरी संदेश युनिकोडमध्ये जातो, त्यात ७० मावतात आणि संदेश लांबला तर प्रत्येक तुकड्यात ६७. शिवाय काना, मात्रा, वेलांटी, हलन्त सगळं वेगवेगळं मोजलं जातं. 'विद्यार्थी' या एका शब्दाचे १० होतात. १५० चिन्हांचा मराठी संदेश ३ एसएमएसच्या दराने लागतो. समजा ६०,००० विद्यार्थी, वर्षाला ६ संदेश, २० पैसे दर. इंग्रजीत ७२,००० रुपये, मराठीत २,१६,०००. पण खर्च वाढतो म्हणून मराठी सोडू नका. मुलांना कळेल अशा भाषेतच संदेश गेला पाहिजे. नमुना मात्र १३४ चिन्हांत बसवा, म्हणजे २ तुकड्यांत भागतं. डीएलटीवर (एसएमएसचे नमुने नोंदवण्याची दूरसंचार कंपन्यांची प्रणाली) नमुना मंजूर करून घेण्याआधीच हे मोजा, नंतर बदलायचा तर पुन्हा मंजुरी लागते. इंग्रजी संदेशात एक '₹' चिन्ह घुसलं तरी अख्खा संदेश युनिकोड होतो, हेही लक्षात असू द्या.

इंटरनेटच्या दोन लिंक असतील तर दोघींचा मार्ग विचारा. दोन कंपन्यांची बिलं भरूनही दोन्ही फायबर महामार्गाकडेच्या एकाच चरातून येत असतील, तर एक जेसीबी दोन्ही तोडतो. मग दुसरी लिंक नुसता खर्च ठरते.

परवाने नूतनीकरणाच्या तारखेने लिहा. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे लॉग (प्रणालीतल्या हालचालींच्या नोंदी) १८० दिवस ठेवायचे असतात. त्या साठवणुकीची डिस्क आणि बॅकअप वेगळ्या ओळीत दाखवा, नाहीतर ती कुठल्याच सेवेत येत नाही. नियतकालिकं आणि डेटाबेसची वर्गणी ग्रंथालयाची आहे, ती आयटीत ओढू नका.

६. सामायिक खर्च वाटा

एकाच सर्व्हरवर तीन सेवा असतील तर वाटणी कशी? समजा यंत्राचा वार्षिक खर्च ८ लाख. सरासरी वापर कोअरमध्ये (प्रोसेसरची एकेक स्वतंत्र काम करणारी एककं): परीक्षा ४ कोअर, ई-लर्निंग १०, संकेतस्थळ २. यावरून वाटलं तर परीक्षेच्या वाट्याला २ लाख येतात. पण निकालाच्या दिवशी परीक्षेला ४० कोअर लागतात. ई-लर्निंगचा कमाल भार १६, संकेतस्थळाचा ८. एवढं मोठं यंत्र घेतलं ते निकालाच्या दिवसासाठीच. कमाल भारावरून वाटलं तर परीक्षेचे ५ लाख होतात. माझ्या मते क्षमतेचा खर्च (यंत्र, यूपीएस, लिंकची रुंदी) कमाल भारावरून आणि वापराबरोबर वाढणारा खर्च (एसएमएस, छपाई) प्रत्यक्ष वापरावरून वाटावा.

अशी वाटणी केली की खरा निर्णय समोर येतो: वर्षातल्या १५-२० दिवसांसाठी क्लाऊड भाड्याने घ्यावा का? तुलना करताना क्लाऊडच्या बाजूला बाहेर जाणाऱ्या डेटाचं शुल्क, कर आणि तो सांभाळणाऱ्याचे तास घाला. आपल्या बाजूला वीज, एसी, बॅटरी घाला. एका बाजूचं पूर्ण बिल आणि दुसऱ्या बाजूची फक्त खरेदी किंमत, अशी तुलना अजिबात करू नका.

७. 'फुकट' सेवांनाही ओळ द्या

गुगलने शिक्षणसंस्थांना दिलेली अमर्याद साठवण बंद करून जुलै २०२२ पासून संपूर्ण संस्थेला मिळून १०० टीबीची मर्यादा आणली. ज्यांनी ईमेलची ओळच तक्त्यात ठेवली नव्हती, त्यांना जुनी खाती हुडकून रिकामी करण्याचं काम एकदम अंगावर आलं. शासनाची प्रणाली परवाना शुल्काविना मिळाली तरी जुना डेटा त्यात भरणं, प्रशिक्षण आणि काही सत्रं दोन्ही प्रणाली सोबत चालवणं, हे तास आपलेच असतात. शुल्क शून्य लिहा, बाकीचे रकाने भरा.

८. बाहेर ढकललेला खर्च वेगळा दाखवा

हा रकाना कुठल्याही ठरावीक नमुन्यात नसतो. तरीही तो ठेवाच, असं आग्रहाने सांगावंसं वाटतं.

प्रश्नपत्रिका ऑनलाईन पाठवल्या की विद्यापीठाची छपाई आणि वाहतूक वाचते. तेवढीच छपाई महाविद्यालयात होते. टोनर, कागद, परीक्षेच्या वेळी वीज गेली तर जनरेटर, पहाटे येणारा ऑपरेटर हा सगळा भार त्यांच्यावर जातो. शहरातल्या मोठ्या महाविद्यालयाला तो जाणवत नाही, सातपुड्यातल्या १५० विद्यार्थ्यांच्या महाविद्यालयाला जाणवतो.

परीक्षा अर्जाचंही तसंच. तोरणमाळच्या वरच्या पाड्यातल्या मुलीला अर्ज भरायला तालुक्याच्या गावी सायबर कॅफेत यावं लागतं. एसटीचं भाडं, कॅफेवाल्याचे पैसे, बुडालेली मजुरी. पोर्टल भरदुपारी बंद पडलं तर हे सगळं दुसऱ्यांदा. विद्यापीठाच्या तक्त्यात त्या बंद पडण्याची किंमत शून्य असते, आणि म्हणूनच मोबाईलवर नीट चालणारा, कमी डेटा खाणारा, अर्धवट भरून जतन करता येणारा अर्ज बनवण्याचा प्रस्ताव "महाग" म्हणून परत येतो. आठ-दहा महाविद्यालयांना फोन करा, त्यांचे आणि विद्यार्थ्यांचे प्रत्यक्ष आकडे विचारा आणि वेगळ्या रंगात लिहा. मुख्य बेरजेत मिसळू नका, पण पान तेच असू द्या.

९. एकक दर काढा

प्रत्येक सेवेची बेरीज झाली की तिला योग्य एककाने भागा. परीक्षा अर्जाला भरलेले अर्ज, वाय-फायला महिन्यातून एकदा तरी जोडलेले वापरकर्ते, हेल्पडेस्कला सुटलेल्या तक्रारी, प्रयोगशाळेला यंत्र-तास. ईमेलला उघडलेली खाती घेऊ नका, मागच्या ९० दिवसांत वापरलेली घ्या. नाहीतर सोडून गेलेल्या विद्यार्थ्यांच्या खात्यांनी दर कृत्रिमरीत्या स्वस्त दिसतो.

प्रत्येक आकड्यापुढे एक खूण करा: 'मो' म्हणजे मोजलेला, 'बि' म्हणजे बिलावरून, 'अं' म्हणजे अंदाज. वित्त समितीत पहिला प्रश्न यावरच येतो. पहिल्या वर्षी निम्मे 'अं' असले तरी चालतील. सब-मीटर आणि तासांची नोंद सुरू केली की दुसऱ्या वर्षी ते कमी होतात. दोन सेवांचे दर दुसऱ्या विद्यापीठाशी ताडून पाहायचे असतील तर आधी त्यांनी वीज आणि पगार धरलेत का ते विचारा. धरले नसतील तर तुलना करू नका.

तक्ता एप्रिलमध्ये वर्ष बंद झाल्यावर भरायला घ्या, म्हणजे अंदाजपत्रकाच्या मागण्या मागवल्या जातील तेव्हा तयार असेल. फाईल एकाच माणसाच्या संगणकावर ठेवू नका. पहिल्या पानावर युनिटचा दर, तासाचा दर आणि यंत्रांची धरलेली आयुष्यं लिहा, म्हणजे तुमच्या बदलीनंतर येणारा माणूस ते तीन आकडे बदलून पुढचं वर्ष काढू शकेल.